विचारल्याशिवाय सांगायचं नाही

क्लबातल्या स्नूकरच्या फायनलच्या चार दिवस आधी, बुधवारी दुपारी, तो सॅम्पलची बाटली घेऊन प्रयोगशाळेत आला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे, बावीस वर्षं झाली. तो त्याच कारखान्यात प्लांटवर ऑपरेटर. पंप चालू-बंद करायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे, दर दोन तासांनी सॅम्पल काढून माझ्याकडे आणून द्यायचं, हे त्याचं काम. तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या घरातला, तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. बाटली ठेवायची आणि निघायचं, अशी त्याची रीत होती.

त्या दिवशी तो निघाला नाही. दाराशी घुटमळला आणि परत आत आला.

"म्याडम, एक इचारायचा व्हता."

"विचार ना."

"बॉल कोनच्या रंगाचा हाय असा खेळाडूनं रेफरीला इचारला, त रेफरी सांगते का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. वसाहतीतल्या क्लबात मी आठ वर्षं स्नूकरची रेफरी होते. तिथल्या टेबलांवर वाद पुष्कळ व्हायचे. बॉल चिकटला होता की नव्हता, पहिला कुठला लागला, पांढरा बॉल नेमका कुठे होता. पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तर मात्र पाठ होतं. रेफरीच्या परीक्षेसाठी जे नियम घोकले, त्यातला तो एक होता. हा आपल्याला आयुष्यात कधी लागायचा नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

"सांगते," मी म्हटलं. "खेळाडू रंगांध असेल आणि त्याने विचारलं तर सांगायचं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. तो चुकीच्या बॉलवर नेम धरून उभा आहे हे दिसत असलं, तरी रेफरीने तोंड उघडायचं नाही. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही."

"हळूच इचारला त?"

"तू हळू विचार. पण मी जे सांगेन ते समोरच्यालाही ऐकू गेलं पाहिजे."

तो तिथेच उभा राहिला. मी टायट्रेशन करत होते. फ्लास्कमधलं पाणी लालसर असतं, वरून थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला ते एकदम हिरवं होतं. तिथे थांबायचं आणि आकडा लिहायचा. माझं बोलण्याच्या नादात कधीच हिरवं होऊन गेलं होतं. त्याने फ्लास्ककडे बोट दाखवलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला असावा.

"ह्याला अजून टाइम हाय ना?"

मी फ्लास्ककडे पाहिलं, मग त्याच्याकडे. माझ्या बघण्यावरूनच त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. हेल्मेट काखेत मारून तो दाराकडे वळला आणि तिथूनच म्हणाला, "कोनाला बोलू नका, म्याडम."

तो गेल्यावर माझं टायट्रेशन दोनदा चुकलं.

त्याला असं का म्हणावं लागलं हे मला समजत होतं. प्लांटमध्ये नवी कंट्रोल रूम उभी राहत होती. तिथल्या पॅनेलवर बसायला जी तीन माणसं निवडली होती, त्यात त्याचं नाव होतं. महिनाअखेरीस तिघांची वैद्यकीय तपासणी व्हायची होती. पंधरा वर्षं पाइपांच्या जंगलात, वाफेत आणि वासात काढल्यावर त्याला खुर्चीवर बसायला मिळणार होतं. आणि त्या खुर्चीसमोर लाल आणि हिरव्या दिव्यांच्या रांगा होत्या. पंप बंद असला की लाल, चालू असला की हिरवा.

मी कोणालाही काही सांगितलं नाही. तो अजून पॅनेलवर बसलेला नाही, तपासणीत जे व्हायचं ते होईल, त्यात आपण कशाला पडा, अशी माझी मी समजूत घातली. खरं कारण थोडं वेगळं होतं. मला त्याचा खेळ आवडायचा. रविवारच्या फायनलची रेफरी मी होते आणि तो फायनलमध्ये होता.

क्लबात मी अपघातानेच आले. आमचं घर वाणगावच्या बाजूला, चिकूच्या वाडीत. घरात कोणी बिलियर्डचं टेबल पाहिलेलंही नव्हतं. नोकरी लागल्यावर वसाहतीच्या क्लबात एका स्पर्धेला गुण मांडायला कोणी मिळेना, म्हणून मला बसवलं. सगळे खेळाडू पुरुष, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, आणि प्रत्येक फाऊलवर आरडाओरडा. कोणाच्याच बाजूचं नसलेलं एक माणूस त्यांना हवं होतं. पुढे मी परीक्षा दिली, पांढरे हातमोजे घेतले, आणि रविवारचा दिवस टेबलाभोवती फिरण्यात जाऊ लागला.

ह्या माणसाची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. शॉट मारण्याआधी तो टेबलाला पूर्ण एक फेरी घालायचा. लोक त्याला स्टाइल म्हणायचे, पोरं नक्कल करायची. बुधवारनंतर मला कळलं की तो फेरी घालताना बॉल मोजत असतो. टेबलावर लाल बॉल पंधरा असतात. कुठला कुठे गेला हे पहिल्या शॉटपासून डोक्यात ठेवायचं, म्हणजे त्यांच्यात तपकिरी, म्हणजे ब्राऊन, मिसळला तरी तो कुठला ते ओळखता येतं. बाकीचे रंग त्याला कसेबसे ओळखू यायचे. हिरवा त्याच्या ठरलेल्या जागेवरून ओळखायचा. फसवायचे ते लाल आणि ब्राऊन.

त्याच्या समोरचा खेळाडू आमचाच शिफ्ट इन्चार्ज होता. पालघरचा, पन्नाशीचा, नियमावर बोट ठेवून चालणारा. एकदा हा माणूस हेल्मेट घरी विसरून गेटवर आला होता. त्याने स्वतःच स्वतःला आत सोडलं नाही. पालघरला परत गेला, हेल्मेट घेऊन आला आणि हजेरीच्या वहीत स्वतःच्या नावापुढे 'उशीर' असं लिहिलं. त्याच्या हाताखालची माणसं त्याला भीत नसत, पण त्याच्यासमोर जपून वागत.

रविवारी अकरा वाजता सामना सुरू झाला. तीन फ्रेमचा, म्हणजे तीन डावांचा, दोन जिंकेल तो विजेता. क्लबाच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या, मागे कंत्राटी कामगार भिंतीला टेकून उभे होते. दोघंही खेळाडू स्पर्धेच्या पद्धतीप्रमाणे पूर्ण बाह्यांच्या शर्टात आणि काळ्या पँटमध्ये होते. मी हातमोजे चढवले.

पहिली फ्रेम ऑपरेटरने जिंकली. ब्राऊन आपल्या जागेवरून फारसा हललाच नाही, आणि तो मोकळ्या हाताने खेळला. मला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

दुसऱ्या फ्रेममध्ये इन्चार्जने बचावाचा एक लांब शॉट मारला. पांढरा बॉल परत येताना ब्राऊनला थडकला आणि ब्राऊन घरंगळत जाऊन वरच्या बाजूच्या लाल बॉलांमध्ये थांबला. तिथे आठ-नऊ लाल विखुरले होते. आता पाळी त्याची होती, आणि मारायचा होता लाल; आधी दुसरा रंग लागला तर फाऊल, आणि त्याचे गुण समोरच्याला.

त्याने फेरी घातली. मग आणखी एक घातली. मी पिंकच्या जागेपासून दोन पावलं मागे उभी होते. तो खाली वाकला, हनुवटी क्यूच्या काठीला टेकवली, आणि मी त्याच्या क्यूच्या रेषेत पाहिलं. ती रेषा थेट ब्राऊनवर जात होती.

रेफरीला अशा वेळी काय करता येतं? खोकता येत नाही. पाय हलवता येत नाही. नजर दुसरीकडे वळवणंसुद्धा खूण ठरू शकते, कारण खेळाडू रेफरीचा चेहरा वाचायला शिकलेले असतात. मी बॉलवर डोळे लावून उभी राहिले. तो क्यू दोनदा मागे-पुढे करून थांबला. मला वाटलं, आता उठेल, आता विचारेल. तो उठला नाही. मारला.

शॉट फार सुंदर होता. बॉल कडेने पातळ कापला गेला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये आवाजही न करता पडला. मागच्या भिंतीकडून टाळ्या सुरू झाल्या. तो काळ्या बॉलकडे निघालासुद्धा होता.

"फाऊल," मी म्हटलं. "चार."

टाळ्या थांबल्या. कोणीतरी मागून ओरडलं, "अरे भाई, ब्राऊन मार दिया!" आणि हॉलभर हसू पसरलं. तो जागेवरच थांबला. पॉकेटमधून ब्राऊन काढून मी तो त्याच्या जागेवर ठेवत होते तेव्हा तो माझ्या हातातल्या बॉलकडे बघत होता.

"सेकंड शिफ्ट केली काल," तो खुर्चीकडे जाता जाता हसून म्हणाला. "झोप नाय झाली."

मलाही क्षणभर ते खरं वाटावंसं वाटलं. त्या एका चुकीनंतर त्याची लय गेली. दुसरी फ्रेम इन्चार्जने घेतली.

मधल्या दहा मिनिटांत तो बाहेर व्हरांड्यातल्या नळावर तोंड धूत होता. सामना चालू असताना रेफरीने खेळाडूशी बोलायचं नसतं, म्हणून मी दाराच्या आत उभी होते. इन्चार्ज त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"डोळे तपासून घे रे. पुढच्या महिन्यात पॅनेलवर बसायचंय तुला."

थट्टाच होती ती. पण तो नळाखाली वाकलेलाच राहिला. पाणी वाहत होतं आणि तो तोंड धूतही नव्हता.

तिसरी फ्रेम सुरू झाली तेव्हा एक वाजत आला होता, पण कोणी जेवायला उठलं नाही. दोघंही सावध खेळत होते. पाच गुण, सात गुण, मग पुन्हा बचाव. अर्ध्या तासाने टेबलावर चार लाल राहिले, आणि त्यांच्याजवळच, कडेच्या गादीला लागून, ब्राऊन. ह्या वेळी तो ऑपरेटरच्याच आधीच्या एका शॉटने तिकडे गेला होता. इन्चार्ज अठरा गुणांनी पुढे होता. ब्राऊनवर आणखी एक फाऊल झाला असता, तर फ्रेम बहुधा संपली असती.

त्याने फेरी घातली. अर्ध्यावर थांबला, मागे आला आणि पुन्हा पहिल्यापासून निघाला. खाली वाकला. क्यूच्या रेषेत ब्राऊनच होता.

हॉलमध्ये इतकी शांतता होती की बाहेर रस्त्यावरून टँकर गेला त्याचा आवाज संपेपर्यंत सगळ्यांनी तो ऐकला. तो वाकलेलाच होता. दहा सेकंद झाली असतील, वीसही असतील. मग तो सरळ झाला, क्यू उभा धरला आणि माझ्याकडे वळला.

"म्याडम, ह्यो बॉल कोनच्या रंगाचा हाय?"

हळू नाही विचारलं त्याने. सगळ्यांना ऐकू गेलं. एकदोघं हसले, त्यांना वाटलं मघाच्या फाऊलवर विनोद करतोय.

"ब्राऊन," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. शेजारच्या बॉलकडे क्यूचं टोक नेलं. "नि ह्यो?"

"लाल."

इन्चार्ज खुर्चीतून उठला. "एक मिनिट. हे काय चाललंय? मॅडम, तुम्ही त्याला सांगताय. रेफरीला मदत करता येत नाही."

"नियम आहे," मी म्हटलं.

"कुठला नियम? मी बारा वर्षं खेळतोय. हा फाऊल आहे, नाहीतर ही फ्रेम रद्द करा."

क्लबाचे सेक्रेटरी पुढे आले. त्यांनाही असा नियम माहीत नव्हता. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघा, वाद नको. दोघांनी फ्रेम नव्याने खेळावी. तुमचंही नाव राहील." मागून कोणी म्हणत होतं, बाईमाणसाला मधे घेतलं की असंच होतं. मी गुणफलकाशेजारच्या पिशवीतून नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स काढली. पान सापडायला वेळ लागला. सापडल्यावर मी ते वाचून दाखवलं नाही. सरळ इन्चार्जच्या हातात दिलं.

त्याने चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ह्यात लिहिलंय, रंगांध खेळाडूने विचारलं तर."

"हो."

"मग हा तसा आहे का?"

ह्याच प्रश्नाची मला बुधवारपासून भीती होती. "खेळाडूने विचारलं, मी सांगितलं," मी म्हटलं. "दाखला मागा असं नियमात नाही. मी त्याला तसं विचारणार नाही."

"तुम्ही नका विचारू. पण मला कळलं पाहिजे ना?"

"इचारायची गरज नाय," तो टेबलाच्या पलीकडून म्हणाला. क्यू त्याने दोन्ही हातांनी धरला होता. "मना लाल नि ब्राऊन सारखंच दिसतात. लहानपनापासून. मी मोजून खेलतो. आज मोजनी इसरलो."

आता कोणी हसलं नाही. इन्चार्ज त्याच्याकडे बघत राहिला. तो प्रतिस्पर्ध्याकडे बघत नव्हता, आपल्या शिफ्टमधल्या माणसाकडे बघत होता, हे मला दिसत होतं. त्याच्या डोक्यात आता पॅनेलवरचे दिवे असणार. त्याने पानं नीट जुळवली, मला परत दिली आणि म्हणाला, "बरोबर आहे. खेळ पुढे चालू द्या."

आणि जाऊन बसला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. त्याने आणखी पाच वेळा विचारलं, मी पाच वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी मला भीती वाटायची की घाईत मीच चुकीचा रंग सांगेन. आयुष्यभर ज्या डोळ्यांवर भरवसा ठेवला तेही बघताना दोनदोनदा खात्री करू लागले. लाल संपले. मग पिवळा आणि हिरवा गेले, आणि ब्राऊन त्याने मारला. निळा इन्चार्जने घेतला. टेबलावर फक्त पिंक आणि काळा उरले. इन्चार्ज पाच गुणांनी पुढे होता, आणि पाळीही त्याचीच होती.

पिंक मधल्या पॉकेटजवळ होता, तसा सोपा. पण पांढऱ्या बॉलच्या लगेच मागे काळा होता. इन्चार्जला काळ्यावरून हात टाकून बोटांच्या टोकांवर क्यू टेकवावा लागत होता. मी पिंकच्या बाजूला उभी होते, कारण पिंक पॉकेटात जातो की नाही ते तिथूनच नीट दिसलं असतं. इन्चार्ज वाकला, थांबला, क्यू मागे घेतला. आणि मग न मारताच उठला.

"फाऊल," तो म्हणाला.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "काय?"

"बाही लागली काळ्याला. हलला नाही, पण लागली." त्याने बाहीच्या बटणाकडे बोट दाखवलं.

मी पाहिलं नव्हतं. हॉलमध्ये कोणीही पाहिलं नव्हतं. त्याच्या बाजूची दोन माणसं उठून "सर, नाही लागली, आम्ही बघत होतो" म्हणायला लागली. त्याने हात वर करून त्यांना गप्प केलं. "मला कळलं ना लागलेलं," तो म्हणाला आणि क्यू भिंतीला टेकवून बसला.

"फाऊल, सात," मी जाहीर केलं.

पाचने मागे असलेला माणूस दोनने पुढे गेला. बॉल जिथे होते तिथेच होते, म्हणजे त्यालाही त्याच अडचणीच्या जागेवरून खेळायचं होतं. तो टेबलाजवळ आला आणि काळ्याकडे बघत राहिला.

"म्याडम, बाही दुमडू का?"

"दुमड."

त्याने दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या. हातावर जाळ्याच्या दोराने पडलेले जुने वण होते. ह्या वेळी त्याने फेरी घातली नाही. मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काळ्यावरून हात टाकला, बोटं टेकवली आणि इतक्या हलकेच मारला की पिंक पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबतो की काय असं वाटलं. तो पडला. आता तो आठ गुणांनी पुढे होता आणि टेबलावर एकटा काळा, सात गुणांचा. इन्चार्जने उठून हात पुढे केला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं वगैरे काही झालं नाही. टाळ्या वाजल्या, कप दिला गेला, फोटो निघाला. फोटोत दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघतायत.

मी हातमोजे काढत होते तेव्हा इन्चार्ज आला. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"बुधवारपासून."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "रेफरी म्हणून गप्प राहिलात, ते ठीक. पण तुम्ही त्याच प्लांटच्या केमिस्ट आहात. रिॲक्टरचा थंड पाण्याचा पंप बंद पडला आणि ह्याला दिवा कळला नाही, तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"नाही."

"मला उद्या लिहावं लागेल. आवडतंय म्हणून नाही."

मी हातमोजे घडी करून पिशवीत ठेवले.

सोमवारी इन्चार्जने अहवाल दिला. बुधवारी रंगांधळेपणा ओळखायच्या ठिपक्यांच्या पुस्तकाने ऑपरेटरची तपासणी झाली. ज्या पानांवर मला ठळक आकडे दिसतात, तिथे त्याला नुसते ठिपके दिसले. पॅनेलच्या यादीतून त्याचं नाव गेलं. प्लांटवरूनही काढून त्याला पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये दिलं. मलाही लेखी खुलासा द्यावा लागला. मी तो खरा लिहिला. माझ्या टेबलावर सॅम्पल आता दुसरा ऑपरेटर आणू लागला. तीन आठवडे ह्याचं तोंड दिसलं नाही. कँटीनमध्येही तो आमच्या वेळेला येत नव्हता.

शेवटी एका रविवारी सकाळी मी त्याच्या गावाला गेले. समुद्राच्या बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. त्याची आई खाली पडलेले बोंबील उचलून परत टांगत होती. मी कोण ते सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"तुमी त्या रेफरी बाय?"

"हो."

"तुमी नाय सांगितला असता, त कोनाला कलला असता?"

मी म्हटलं, "त्याने विचारलं, मावशी. विचारल्यावर मला सांगणं भाग होतं."

तिने वाळूतून आणखी एक बोंबील उचलला. मग म्हणाली, "माजा बाप तसाच व्हता. मचव्यावर दुसऱ्या होडीचा दिवा तांबडा हाय का हिरवा, त्याला कलायचा नाय. तो पोराला इचारायचा, 'कोनचा रं?' त्यात लाजायचा काय?" तिने एक बोंबील जोराने बांबूला अडकवला. "ह्यो लाजला. मोठ्या भावाच्या होडीवरून उतरला तो ह्याच्यापायी. म्हनला, कंपनीत कोन दिवं बघतंय."

तेवढ्यात तो मागच्या दारातून आला. मला बघून थबकला, मग आतून खुर्ची आणली. चहा झाला. कारखान्याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. मी निघताना त्याने विचारलं, "पालघरला पुढच्या महिन्यात टुर्नामेंट हाय. तुमी रेफरी हाव का?"

"नाही. तिथे त्यांचे आहेत."

"मना ते पान देता का? झेरॉक्स."

दुसऱ्या दिवशी मी ती वर्कशॉपमध्ये नेऊन दिली. त्याचे हात ग्रीसने भरलेले होते, म्हणून त्याने मला ती त्याच्या खिशात ठेवायला सांगितलं.

पालघरला मी प्रेक्षकांत बसले. पहिल्याच सामन्याआधी तो रेफरीकडे गेला, पान दाखवलं आणि म्हणाला, "मना रंग कलत नाय, मी इचारनार." रेफरी तरुण होता. त्याने पान वाचलं, समोरच्या खेळाडूला वाचायला दिलं आणि दोघांनी मान हलवली. तो सामना तो जिंकला. दुसऱ्या फेरीत मात्र वसईकडच्या एका चांगल्या खेळाडूने त्याला सरळ दोन फ्रेममध्ये हरवलं.

परतताना आम्ही एकत्रच स्टेशनवर आलो. गाडीने उमरोळी ओलांडलं तरी तो बोलला नव्हता. मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय, लोकांसमोर इतक्यांदा विचारावं लागलं म्हणून. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर त्याने मला मध्येच तोडलं.

"त्याचा काय नाय, म्याडम. शेवटचा निला चुकला माजा. समोर व्हता, सरल व्हता." तो खिडकीवर मूठ आपटून म्हणाला, "नि निला त मना चांगला दिसतो!"